नाव न विचारणारं छत्र

तुळसाक्कानं मला जेवू घातलं. हे आधी लिहून ठेवते, म्हणजे पुढं रागाच्या भरात राहून जायला नको. मी आठवीतून शाळा सोडलेली बाई. लिहायला बसले की सांगायचं एक असतं आणि कागदावर भलतंच उतरतं. म्हणून पहिली ओळ तिची. कन्नड मुलखात, देवनहळ्ळीच्या अलीकडं जुन्या रस्त्याच्या वळणावर एक छत्र होतं. छत्र म्हणजे वाटसरूंनी उतरायची जागा, आपल्याकडच्या धर्मशाळेसारखी. तिथल्या पायरीशी एका भर दुपारी मी पत्र्याची पेटी घेऊन उभी राहिले. आतून एक बाई म्हणाली, "हातपाय धू. पान मांडते." मी कोण, कुठली, एकटी का, यातलं काही तिनं विचारलं नाही. मी एकटी का होते ते इथंही सांगणार नाही.

आता त्या छत्राचं हॉटेल झालंय. त्याला एवढं लांब इंग्रजी नाव आहे की ते मला एका दमात म्हणता येत नाही, आणि म्हणायची इच्छाही नाही.

गेल्या महिन्यात मी तिथं पाहुणी म्हणून गेले. बोम्मसंद्र्याच्या ज्या कारखान्यात मी औषधांची पाकिटं तपासते, तिथं दहा वर्षं पुरी झालेल्या आम्हा नऊ बायकांना मालकांनी जेवण द्यायचं ठरवलं. बस कुठं नेणार ते कुणी सांगितलं नव्हतं. विमानतळाचा मोठा रस्ता सोडून बस जुन्या वळणाला लागली आणि मला करंजाचं झाड दिसलं. झाड तेच होतं. त्याच्या बुंध्याला आता निळ्या दिव्यांच्या माळा गुंडाळल्या होत्या, आजारी माणसाला सलाईनच्या नळ्या लावाव्यात तशा. माझ्या शेजारी बसलेली मंजुळा म्हणाली, "काय झालं गं? बस लागली का?" मी हो म्हटलं.

दारात दोन माणसं उभी होती. दार काचेचं, आपोआप उघडणारं. दार एवढं शहाणं की माणूस दिसला की स्वतःहून बाजूला होतं, आणि ते उघडू नये म्हणून दोन माणसं पगारावर ठेवलेली. त्यातल्या एकानं वही पुढं केली. नाव, फोन, कुणाकडून आलात, कायमचा पत्ता. शेवटच्या रकान्याशी माझं पेन अडलं. इतकी वर्षं झाली, पण माझ्या गावाचं नाव मी कुठंच लिहीत नाही. मी बोम्मसंद्रा लिहिलं. त्यानं माझ्या मनगटाला कागदाची पट्टी चिकटवली. गुरांच्या बाजारात गुरांच्या कानात बिल्ला अडकवतात, त्याची आठवण झाली. फक्त इथं बिल्ला लावताना "वेलकम मॅडम" म्हणतात.

ज्या पायरीवर मला कुणी काही विचारलं नव्हतं, त्याच पायरीवर मी उभी होते. दगड तोच. मधोमध झिजलेला, पन्हाळीसारखा.

त्या पहिल्या दुपारी मी त्याच दगडावर पाय धुतले होते. आत काळोखा गारवा होता. तांबड्या कावेच्या जमिनीचा, ओल्या गोणपाटाचा आणि भाजलेल्या नाचणीचा वास. केळीच्या पानावर नाचणीचा एक गरम गोळा, त्यावर खड्डा करून ओतलेलं आमटीसारखं सारू. तो गोळा चावायचा नसतो, गिळायचा असतो, हे मला ठाऊक नव्हतं. मी भाकरीसारखा चावत बसले, दातांना चिकटला, आणि डोळ्यांत पाणी आलं. पाणी गोळ्याचं नव्हतं. तुळसाक्का समोर बसून ताक घुसळत होती. म्हणाली, "चावू नको गं. सोड घशाखाली. तो वाट जाणतो."

ती मराठी बोलली. इतक्या लांब, जिथं पाट्यांवरचं एक अक्षर मला लागत नव्हतं, तिथं ही बाई मराठी बोलत होती. पण कसली मराठी. माझ्या पणजीची पणजी बोलत असेल तशी, मध्येच कन्नड घातलेली. "स्वल्प ताक घे" म्हणजे थोडं घे, "सरी, आता नीज" म्हणजे बरं, आता झोप. तिची माणसं तीन-चारशे वर्षांपूर्वी इकडं आली आणि राहिली. का आली ते तिलाही माहीत नव्हतं. "कुणीतरी आलं असेल की भुकेलं, तुझ्यासारखं," एवढंच म्हणायची. मी तिला पहिल्या दिवशी अहो-जाहो करत होते. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "अहो कुणाला म्हणतेस? मी काय मामलेदार?"

मी दोन दिवसांसाठी टेकले होते, सहा वर्षं राहिले.

छत्राचा एकच नियम होता. जेवल्याशिवाय कुणाचं नाव विचारायचं नाही. नाव नाही, गाव नाही, जात तर नाहीच. माणूस जेवला, हात धुतले, मग वाटलं तर विचारा. आणि वाटेवरून आलेला कुणी न जेवता परत गेला, तर तो जेवेपर्यंत चुलीवरच्या माणसांनी खायचं नाही. हे कुठं लिहिलेलं नव्हतं. पावटे सोलताना अक्कानं मला सांगितलं. तिच्या सासऱ्याच्या आजीचा थोरला मुलगा लांबून पायी घरी येत होता. उन्हात एका दारात त्यानं पाणी मागितलं. दारातल्यांनी विचारलं, कोण? कुठला? कुणाचा? कुठल्या मठाचा? "उत्तरं संपेस्तोवर पोरगं पायरीवर आडवं," अक्का म्हणाली आणि पुढची शेंग उचलली. त्या बाईनं मग रस्त्याकडेला चार खांब उभे केले आणि चूल पेटवली. एवढाच छत्राचा इतिहास. यात राजा नाही, हत्ती नाही, गोऱ्या साहेबाच्या वहीतली नोंद नाही.

हे मुद्दाम सांगते, कारण हॉटेलात पितळी चौकटीत दुसराच इतिहास लावलाय. तो म्हणतो, शिकारीला निघालेल्या एका राजपुत्रानं इथं रात्र काढली आणि खूश होऊन ही वास्तू बांधवली. कोण राजपुत्र, कसली शिकार, सगळं वाऱ्यावर. आम्हाला माहिती सांगायला एक तरुण नेमला होता. त्याला फेटा बांधला होता, आणि तो फेटा त्याच्या कानावर सारखा उतरत होता. मागच्या अंगणात नेऊन तो म्हणाला, "इथं राजाचे घोडे बांधत असत."

तिथं आम्ही मिरच्या वाळवायचो. घोडा चुकून त्या अंगणात आला असता तर शिंकून मेला असता.

मंजुळानं विचारलं, "किती घोडे?"

तो म्हणाला, "चाळीस, मॅडम."

त्या अंगणात चार गोणपाटं अंथरली की पाय ठेवायला जागा उरत नसे. मला लोकांसमोर बोलायची भीती वाटते, आणि त्या पोराचं तरी काय चुकलं. त्याला जेवढं पाठ करायला दिलं तेवढं त्यानं केलं. पण ज्यानं ते लिहून दिलं असेल त्याच्या कल्पनाशक्तीची मला कीव आली. खोटंच बोलायचं तर माणसानं निदान अंगण मोजून बोलावं.

अक्काचं जातं त्यांनी पाण्यात ठेवलंय. खोटं वाटेल, पण दिवाणखान्याच्या मधोमध एक उथळ हौद केलाय, त्यात जातं, आणि भोवती गुलाबाच्या पाकळ्या तरंगतात. ज्या दगडाला पाणी लागू नये म्हणून अक्का पावसाळ्यात त्यावर स्वतःची जुनी नऊवार पांघरायची, तो दगड आता बारा महिने बुडून असतो. उखळात निवडुंग लावलाय. तांब्याच्या घंगाळातून पिवळा उजेड येतो. वस्तूंना राबायला लाज वाटावी असं काहीतरी तिथल्या हवेत आहे. ओसरीचा कट्टा मात्र तसाच आहे, पण त्यावर आता दोरी बांधून पाटी लटकवलीय, की इथं बसू नये.

त्याच कट्ट्यावर डिसेंबर-जानेवारीत पावट्याच्या शेंगांची पोती रिकामी व्हायची. आख्ख्या घराला शेंगांचा तो चिकट, तेलकट, हिरवा वास. बोटं काळी पडायची, नाकाला हात लावायची सोय नाही. पहाटे नंदीच्या डोंगराकडून धुकं उतरायचं आणि रस्त्यावरच्या लॉऱ्यांचे दिवे त्यातून आंबट लिंबासारखे दिसायचे. द्राक्षांच्या दिवसांत लॉरीवाले यायचे, त्यांच्या अंगाला डिझेल आणि द्राक्षांचा मिळून एक वास यायचा. फाल्गुन-चैत्रात करंज फुलायचा. सकाळी कट्टा झाडायचा तर केरसुणीखाली फुलांचा भुसा, भाताच्या लाह्यांसारखा. अक्काच्या केसांना एरंडेलाचा वास. ती आधी चूल पेटवायची, मग दार उघडायची, मग पायरीजवळ पाण्याची घागर ठेवायची. हा क्रम मी सहा वर्षांत एकदाही उलटा झालेला पाहिला नाही.

आणि त्या छत्रात मी एकदा नाव विचारलं.

दुसरं वर्ष असेल. पावट्याचेच दिवस. अक्का मागं विहिरीवर होती. मी चुलीपुढं. दारात सावली पडली. बघते तर पांढरा सदरा, डोक्याला आपल्याकडची पांढरी टोपी, खांद्याला पिशवी. माझ्या हातातला पळा खाली पडला. आपल्याकडचा माणूस. मला वाटलं, शोधत आला. मी धावत जाऊन चौकटीला दोन्ही हात लावून उभी राहिले.

"कोण तुम्ही? कुठले? कुणी पाठवलं तुम्हाला?"

त्याचा एक पाय पायरीवर होता. त्यानं माझ्याकडं बघितलं. मग तो पाय हळूच खाली घेतला.

"कुणी न्हाई बाई," तो मराठीत म्हणाला आणि वळला.

अक्का ओला पदर पिळत आत आली. "कोण आलं होतं?"

"गेला."

"जेवून?"

मी मान हलवली.

"का?"

"मी नाव विचारलं."

मला वाटलं आता पेटी उचलायला सांगेल. तिनं दोन गोळे पानात गुंडाळले, सारूचा तांब्या घेतला, पाण्याचा माझ्या हातात दिला आणि तशीच अनवाणी उन्हात निघाली. मी तिच्या मागं. डांबर तापलेलं. ती पन्नाशी केव्हाच ओलांडलेली बाई, आणि मला तिच्या पावलाला पाऊल लावता येईना. बस थांबते तिथल्या चिंचेखाली तो बसला होता. अक्कानं त्याच्यापुढं पान उलगडलं. तांब्यातलं पाणी त्याच्या हातावर घालायला मला खुणावलं. माझं लक्ष त्याच्या तोंडाकडं, निम्मं पाणी त्याच्या पिशवीवर गेलं.

तो जेवला. दोन्ही गोळे. पान आपल्या बाजूला दुमडलं, हात धुतले, आणि म्हणाला, "आई, माझं नाव..."

"असू दे की," अक्का म्हणाली. "बस आली बघ तुझी."

परत येताना तिनं सारूचा रिकामा तांब्याही माझ्या हातात दिला. मग म्हणाली, "तू भ्यालीस. होय ना? भुकेला पण भीतच येतो गं दारात. दोघं भीत उभे राहिले तर पान कुणी मांडायचं?" घरी येऊन तिनं माझं पान मांडलं, मग स्वतःचं. त्या दिवशी तरी ती विचारेल असं वाटलं होतं, की कुणाला भितेस, कुठून पळालीस. मी कितीदा तरी जेवून हात धुतले होते, नियमानं ती विचारू शकत होती. नाही विचारलं. आजपर्यंत नाही.

पुढं विमानतळ झाला. शेतांत पांढरे दगड रोवले गेले. अक्काच्या दिराकडं माणसं येऊ लागली, आणि एका सकाळी दोघं फितीनं भिंती मोजताना दिसले. अक्कानं त्यांनाही आधी जेवू घातलं. दिरानं जागा विकून टाकली. मी पेटी घेऊन बोम्मसंद्र्याला गेले, अक्का शहरात मल्लेश्वरमला पुतण्याकडं, तिसऱ्या मजल्यावर. रविवारी मी जाते. ती खिडकीत बसून खालच्या फुलांच्या बाजाराचा आवाज ऐकते. तिला आता नीट दिसत नाही.

मला खरा राग आहे तो पुढच्या गोष्टीचा. गेल्या वर्षी तिनं पुतण्याजवळ हट्ट धरला, एकदा कट्ट्यावर बसायचंय. सतीश चांगला आहे, घेऊन गेला रिक्षानं. तो रिक्षाचे पैसे देत थांबला आणि ही काठी टेकत दारापाशी. त्या काचेच्या दारापुढच्या माणसानं विचारलं, "अज्जी, हेसरू?" म्हणजे आजी, नाव काय? बुकिंग आहे का? कुणाला भेटायचंय?

तिचा एक पाय पायरीवर होता, असं सतीशनं सांगितलं. तिनं तो खाली घेतला. सतीश पळत येईपर्यंत ती रस्त्याला लागली होती. तो म्हणाला, "काकू, मी सांगतो ना त्यांना, तू कोण ते." ती म्हणाली, "सांगायचं असतं तर मीच सांगितलं असतं की." न जेवता घरी आली.

हे सगळं डोक्यात घेऊन मी त्या दिवशी काउंटरपाशी गेले. तिथं एक साडीतली मुलगी होती, गोड बोलणारी. मी धीर करून विचारलं, या जागेच्या आधीच्या मालकीणबाई आहेत, म्हाताऱ्या आहेत, त्यांना कट्ट्यावर बसून दोन घास खायचे आहेत. दारात कुणी काही विचारणार नाही असं होईल का?

तिचे डोळे चमकले. "ओरिजिनल फॅमिली? मॅडम, किती छान. आम्ही त्यांचा व्हिडिओ करू. जुन्या साडीत, जात्याजवळ. फक्त आधार कार्ड आणि एक फॉर्म लागेल, त्यांची गोष्ट वापरायची परवानगी म्हणून."

"आणि जेवण?"

"ते शूटनंतर."

मी आभार मानले. दुसरं काय करणार. ज्या घरात आधी जेवण आणि मग नाव होतं, तिथं आता आधी नाव, मग फॉर्म, मग व्हिडिओ, आणि उरलंच तर जेवण. आणि भिंतीवर म्हणे परंपरा.

जेवणाच्या टेबलावर नाचणीचा गोळा होता. लिंबाएवढा, चांदीच्या रंगाच्या चमच्यात, वर कोथिंबिरीचं एक पान. एक आजारी चिमणी जेवली असती त्यात. मंजुळानं चार चमचे रिकामे केले आणि माझ्या कोऱ्या ताटाकडं बघितलं.

"का गं, उपास?"

"हो."

"गुरुवारी कसला उपास तुझा? देव नवीन धरलास की काय?"

"जुनाच आहे," मी म्हटलं.

इथून एक बाई न जेवता परत गेली होती. चूल माझी नव्हती, पण सहा वर्षं मी त्याच जागी फुंकर घातली होती. मग नियम मलाही लागू. बाकीच्या बायका हौदाजवळ फोटो काढत होत्या. एकीनं जात्यावरच्या पाकळ्या गोळा करून केसांत घातल्या. मी पाण्यात हात घालून जात्याचा खुंटा धरून बघितला. बुळबुळीत झालाय.

त्या रविवारी मल्लेश्वरमला गेले. अक्कानं पावलांवरून ओळखलं.

"छत्रात गेली होतीस म्हणे. सतीश म्हणाला. कसं आहे?"

"गर्दी असते."

"बरं आहे की. रिकामं नाही ना." मग, "जेवलीस तिथं?"

खोटं बोलावं असं मनात आलं होतं. "नाही," म्हटलं.

मग तिचे खांदे हलायला लागले, हसत होती. "वेडी गं वेडी. वर्षापूर्वी मी उपाशी आले, आणि तू आता उपाशी राहतेस? मी त्या दिवशी घरी येऊन तीन इडल्या खाल्ल्या, सतीशला विचार." हसता हसता भिंत चाचपडत उठली. "ऊठ, हात धू. पान मांडते."

मांडलं तिनं. दिसत नाही तरी मांडलं. पुन्हा मीच खाल्लं, पुन्हा तिच्याच हातचं.

म्हणून हे लिहून ठेवते, माझ्याच शब्दाला हा कागद जामीन राहावा म्हणून. अक्का, पावट्याचे दिवस आले की मी तुला तिथं नेणार. तुला रिक्षात बसवून आधी मी एकटी दाराशी जाईन. त्यांना जे विचारायचंय ते मला विचारू दे. बुकिंग माझ्या नावाचं असेल. माझं नाव, माझा फोन, आणि त्या शेवटच्या रकान्यात माझं खरं गाव, तालुक्यासकट. पेन अडलं तरी लिहीन. त्यांची वही भरली की तुला उतरवीन, म्हणजे पायरीवर तुला कुणी काही विचारणार नाही. कट्ट्याची दोरी मी सोडेन. डबा माझा असेल, पान मी मांडेन, गोळा माझ्या हातचा असेल, थोडा वाकडातिकडा. कधी होईल ते ठाऊक नाही, तू थकलीस, आणि मला दर रविवारी जिना चढताना धाकधूक असते. पण होईल.

तू जेवशील. मी तुझ्या हातावर पाणी घालेन, या वेळी न सांडता. आणि तुझे हात धुऊन झाले की, तू विचारलं नसलंस तरी, त्या दुपारी मी कुठून आले होते ते तुला सांगेन.